प्रकल्प नोंदी : लॉट दिसतोय, पण सापडंना

प्रकल्प : शीतगृह आवक-जावक प्रणाली. ठिकाण : कुपवाड, सांगली. डेटाबेस : पोस्टग्रेस १४, उबुंटू लिनक्सवर.

३ मार्च २०२५, सोमवार

दुपारी शीतगृहातून दिवाणजींचा फोन. "साहेब, लॉट दिसतोय पण सापडंना." ऐकून हसू आलं, पण यापेक्षा नेमकी तक्रार मलाही लिहिता आली नसती. जावक पावतीच्या चौकटीत लॉट नंबर टाइप करायला घेतला की खाली यादी उघडते. त्या यादीत ११८-२ आहे. त्याच्यावर टिचकी मारली की पडदा म्हणतो, असा लॉट नाही.

हंगाम ऐन भरात आहे. तासगाव, कवठेमहांकाळ, जतकडून नवा बेदाणा येतोय आणि मागच्या वर्षीचा शिल्लक माल व्यापारी बाहेर काढतायत. टेम्पो दारात उभा, हमाल खोळंबलेले, व्यापारी फोनवर. अशा वेळी दिवाणजींनी केलं ते कुणीही केलं असतं. "लॉट नाही" म्हणतंय तर आवकेच्या पडद्यावर जाऊन तोच नंबर पुन्हा घातला आणि पावती फाडली.

इथेच मी खुर्चीत सरळ झालो. हंगाम आणि लॉट नंबर या जोडीवर युनिक इंडेक्स आहे, म्हणजे शोधाची अशी अनुक्रमणिका जी तीच जोडी दोनदा घेत नाही. तोच लॉट दुसऱ्यांदा घालताच येता कामा नये.

नंबर कसे पडतात ते लिहून ठेवतो, पुढे लागेल. दर हंगामाला १ पासून सुरुवात. एखाद्या लॉटमधला काही माल बँकेकडे तारण ठेवला आणि काही सौद्याला काढला की लॉट फुटतो. ११८ चे ११८-१ आणि ११८-२ होतात. म्हणून हा रकाना आकड्यांचा असला तरी प्रकार टेक्स्ट आहे.

४ मार्च

पहिला संशय नेहमीच्या यशस्वी कलाकारांवर : शेवटी राहिलेली स्पेस, मराठी अंक आणि इंग्रजी अंक यांची सरमिसळ, किंवा साध्या आडव्या रेघेऐवजी कुठून तरी चिकटवलेली लांब रेघ. मूळ ओळीचे बाइट हेक्समध्ये काढून पाहिले. ११८-२ म्हणजे पाच अक्षरं, चार सरळ इंग्रजी अंक आणि एक साधी रेघ, आणि पाचही स्वच्छ. दुबार ओळीचेही बाइट तेच. म्हणजे डेटा निर्दोष.

मग क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, हातानं चालवली. हंगाम २०२४, लॉट ११८-२ : शून्य ओळी. सत्रापुरते इंडेक्स स्कॅन, बिटमॅप स्कॅन आणि इंडेक्स-ओन्ली स्कॅन तिन्ही बंद केले, म्हणजे इंडेक्स न वापरता अख्खं टेबल वाचायला लावलं, आणि तीच क्वेरी परत चालवली : दोन ओळी. टेबल मुकाट्यानं सगळं सांगतंय, खोटं बोलतोय तो इंडेक्स.

नियम पाळला : काहीही दुरुस्त करण्याआधी प्रत. रात्री सौद्याचं काम आटोपल्यावर सर्व्हर बंद करून पूर्ण डेटा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवलं. नुसता पीजी_डंप इथे पुरत नाही. डंपमध्ये टेबलातल्या ओळी येतात, बिघडलेला इंडेक्स येत नाही. आणि तपासायचाय तोच. लोकांचा पहिला हात रीइंडेक्सकडे, म्हणजे इंडेक्स नव्यानं बांधण्याकडे, जातो. त्यानं दुखणं बरं होईलही, पण कशानं झालं ते पुराव्यासकट पुसलं जाईल.

५ मार्च

प्रतीवर अ‍ॅमचेक चालवलं. इंडेक्स तपासणारं हे एक्स्टेन्शन पोस्टग्रेस १० पासून सोबतच येतं आणि १४ पासून पीजी_अ‍ॅमचेक ही कमांडही आहे, जी अख्ख्या डेटाबेसवरून एकदम फिरते. लॉटच्या युनिक इंडेक्सवर उत्तर आलं : "आयटम ऑर्डर इन्व्हेरिअंट व्हायोलेटेड". बी-ट्रीच्या, म्हणजे इंडेक्सच्या फांद्याफांद्यांच्या रचनेच्या, एका पानावर दोन शेजारी नोंदी उलट्या क्रमानं बसल्यात.

खरी मजा पुढच्या यादीत होती. पूर्णांकावरचे सगळे इंडेक्स पास. तारखांवरचे पास. टेबलांची पानं पास. नापास झाले ते फक्त टेक्स्टवरचे, तेही सगळे नाहीत. डिस्क खराब झाली असती, रॅम खराब असती, वीज जाऊन लिखाण अर्धवट राहिलं असतं, तर नुकसान असं रकान्याचा प्रकार बघून झालं नसतं. शेठचा मुलगा सकाळपासून एसएसडी बदलायच्या गोष्टी करत होता, त्याला थांबवलं.

आणखी एक धागा. लॉट नंबरच्या त्याच रकान्यावर दोन इंडेक्स आहेत. एक युनिक, साधा. दुसरा टाइप करताना यादी उघडण्यासाठी, टेक्स्ट_पॅटर्न_ऑप्स वापरून बांधलेला. पहिला नापास, दुसरा पास. रकाना तोच, ओळी त्याच, डिस्क तीच. दोघांत फरक एवढाच की साधा इंडेक्स अक्षरांचा क्रम ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतो, दुसरा कुणाला न विचारता बाइटला बाइट ताडून पाहतो. यादीत दिसतो आणि टिचकीला सापडत नाही, त्याचं कारण हे : यादी निरोगी इंडेक्सवरून येते, टिचकी आजारी इंडेक्सवर जाते.

संध्याकाळी दिवाणजींना विचारलं, न सापडणारे लॉट कुठले? म्हणाले, "मागच्या सालचे. आणि बहुतेक फोडल्यालं." त्यांनी हे वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवलं होतं. असा वापरकर्ता मिळाला की निम्मं काम तिथेच होतं.

६ मार्च

सर्व्हर कधी बदलला, ही चौकशी. जानेवारीत. जुनी मशीन उबुंटू १८.०४ ची, नवी २२.०४ ची. हार्डवेअर बसवणाऱ्यानं जुन्या डिस्कवरचं डेटा फोल्डर जसंच्या तसं नव्या मशीनवर ठेवलं. दोन्हीकडे पोस्टग्रेस १४, त्यामुळे सर्व्हर तक्रार न करता सुरू झाला. सगळ्यांना वाटलं, काम फत्ते.

जुनी मशीन नशिबानं स्टोअररूममध्ये पेट्यांच्या थप्पीमागे होती. ती चालू करून दोन्हीकडे एकच चाचणी घेतली. दोन ओळींची फाइल, एका ओळीवर १-१ आणि दुसरीवर ११, आणि डेटाबेसच्याच लोकेलमध्ये (भाषेनुसार क्रम ठरवणारी मांडणी) सॉर्ट. जुन्या मशीनवर ११ आधी, १-१ नंतर. नव्यावर १-१ आधी, ११ नंतर.

इथे प्रकरण उलगडलं. लिनक्सवर पोस्टग्रेस १४ टेक्स्टचा क्रम स्वतः ठरवत नाही. सी आणि पोझिक्स (नुसता बाइटचा क्रम पाळणारी लोकेल) सोडून इतर लोकेल असेल तर तो सिस्टिमच्या सी लायब्ररीला, म्हणजे जीलिबसीला विचारतो. ऑगस्ट २०१८ मध्ये जीलिबसी २.२८ आली आणि तिनं क्रमवारीची तक्ती आयएसओ १४६५१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीवर नेली. आधी रेघेसारखी विरामचिन्हं पहिल्या फेरीत मोजलीच जात नव्हती. आता त्यांना स्वतःचं वजन आहे आणि ते अंकांपेक्षा हलकं आहे. उबुंटू १८.०४ मध्ये जीलिबसी २.२७, २२.०४ मध्ये २.३५. डेबियनवाल्यांना हाच खड्डा ९ वरून १० वर जाताना लागतो, रेड हॅटवाल्यांना ७ वरून ८ वर.

आमच्या लॉटवर लावून पाहू. जुना क्रम : ११८, ११८०, ११८१, ११८-१, ११८२, ११८-२, ११८३. नवा क्रम : ११८, ११८-१, ११८-२, ११८०, ११८१, ११८२. इंडेक्स बांधला गेला जुन्या क्रमानं, शोध चाललाय नव्या क्रमानं. ११८-२ शोधताना वाटेत ११८० लागला की नवं शास्त्र सांगतं, आपला नंबर याच्या आधी, डावीकडे वळा. नोंद मात्र उजवीकडे बसलेली आहे. डावीकडे काही सापडत नाही आणि पोस्टग्रेस प्रामाणिकपणे "नाही" म्हणतो.

युनिकचं कोडंही यातच सुटलं. नवी नोंद घालताना "हा आधीच आहे का" हे तो त्याच वाटेनं जाऊन पाहतो. डाव्या बाजूला रिकामी जागा दिसते, तिथे नोंद बसवतो आणि पुढे जातो. ताज्या हंगामाचे लॉट मात्र सगळे जानेवारीनंतर, नव्याच क्रमानं भरले गेलेत. इंडेक्समध्ये हंगाम आधी येत असल्यामुळे त्यांचा भाग वेगळा राहिलाय आणि तो शाबूत आहे. दिवाणजींच्या वहीतलं निदान शब्दशः खरं ठरलं. साधे, न फोडलेले जुने लॉटही क्वचित हुकतात : वरच्या पानावरची दिशादर्शक नोंदच फोडलेल्या लॉटची असेल तर शोध तिथेच चुकीच्या फांदीवर जातो.

दिवाणजींना समजावताना खतावणीची अनुक्रमणिका पुढे ओढली. समजा रात्रीत कुणी बाराखडीचा क्रम बदलला, पण खतावणी तशीच ठेवली. खाती सगळी जागेवर आहेत, तुम्ही मात्र नव्या क्रमानं पानं उलटताय. ते म्हणाले, "मग बाराखडी बदलणाऱ्यानं सांगाय नको व्हय?"

प्रश्न रास्त आहे. बग कुणाचा म्हणायचा? जीलिबसीनं क्रम सुधारला, तो तिचा अधिकार; भाषेचे नियम कायमचे गोठवून ठेवता येत नाहीत. पोस्टग्रेसनं बाहेरून उसना घेतलेला क्रम डिस्कवर कायमचा कोरला आणि तो कुठल्या आवृत्तीचा ते डेटाबेसच्या मूळ क्रमवारीसाठी टिपून ठेवलं नाही. माझ्या मते दुखणं या दुसऱ्या गोष्टीत आहे, आणि विकसकांनीही ते मान्य केल्यासारखंच आहे : स्वतंत्र कोलेशनची (क्रमवारीची) आवृत्ती १० पासून आधी आयसीयू या युनिकोडच्या लायब्ररीसाठी टिपली जाऊ लागली, पण अख्ख्या डेटाबेसच्या मूळ क्रमवारीची आवृत्ती टिपणं आणि ती जुळली नाही तर जोडणी होताच इशारा देणं हे १५ मध्ये आलं. आम्ही १४ वर. एका आकड्यानं इशारा हुकला.

बग कळवायचा म्हणून छोटी, स्वतंत्र चालणारी पुनरावृत्ती तयार केली होती : टेबल, चार ओळी, अपेक्षित उत्तर, मिळालेलं उत्तर, दोन्ही मशीनच्या आवृत्त्या. आता ती कळवायची गरज नाही, वर्तन ज्ञात आहे. पण रेपोत, कोडच्या साठ्यात, ठेवून दिली. नव्या मुलांना शिकवायला चांगली आहे.

७ मार्च

आज एक पाहुणा बग. गावनिहाय अहवालात "कऱ्हाड" दोनदा येतं, दोन वेगळ्या बेरजांसह. ऑफिसात लगेच निष्कर्ष निघाला की हाही इंडेक्सचाच प्रताप. इंडेक्स बंद करून पाहिलं, तरी दोन कऱ्हाड. म्हणजे हा त्यातला नव्हे.

बाइट काढले. एका कऱ्हाडात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, युनिकोड ०९३१, त्यापुढे हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. एक प्रकार ऑफिसच्या संगणकावरून भरलेल्या नोंदींत, दुसरा मोबाइलवरून आलेल्या. पोस्टग्रेसच्या दृष्टीनं ही दोन वेगळी गावं, आणि त्याचं बरोबर आहे.

एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारं नॉर्मलाइझ हे फंक्शन १३ पासून आहे, पण ते इथे अर्धंच कामाचं. र आणि खाली नुक्ता असं कुणी टाइप केलं असेल तर ते त्याचा ऱ करतं. जॉइनरवाल्या रूपाला हात लावत नाही. आणि कुणी "मग जॉइनर उडवून टाकू" म्हणेल, तर थांबा : तो काढला की र चा रफार होतो आणि दऱ्यांचा दर्या बनतो. म्हणून ट्रिगरमध्ये (नोंद घालताना आपोआप चालणारा कोड) नियम असा लिहिला : र, हलन्त, जॉइनर हे त्रिकूट दिसलं की त्या जागी ऱ आणि हलन्त, मग नॉर्मलाइझ. गावं, नावं, मालाचं वर्णन या रकान्यांना लावला. हे काम मुख्य दुरुस्तीपासून वेगळं ठेवलं. दोन बग एका कमिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या एकाच बदलात, बांधले की सहा महिन्यांनी कुणालाच काही कळत नाही.

१० मार्च, सोमवार

दुरुस्तीचा बेत. दिवसा शीतगृह बंद ठेवता येत नाही म्हणून सगळ्यांची पसंती रीइंडेक्स कन्करंटलीला. १२ पासून ही सोय आहे, टेबलाला मोठं कुलूप न लावता इंडेक्स नव्यानं बांधते. कमांड लिहून तयार होती. सवयीप्रमाणे आधी आवृत्ती विचारली. १४.२.

सगळं थांबवलं.

१४.० ते १४.३ मध्ये नेमक्या याच कमांडमध्ये बग होता. १४ मध्ये व्हॅक्युमसाठी, म्हणजे जुन्या ओळींच्या साफसफाईसाठी, एक सुधारणा केली गेली : कन्करंटली इंडेक्स बांधणारा व्यवहार बराच वेळ चालतो, तर त्याच्याखातर जुन्या ओळी अडवून धरायच्या नाहीत. हेतू चांगला. पण इंडेक्स बांधला जात असतानाच दुसरं कुणी त्या पानावर ओळ अद्ययावत केली, तर पानाची साफसफाई बांधणाऱ्याला अजून हवी असलेली आवृत्ती काढून टाकू शकत होती. परिणाम : इंडेक्स तयार, त्रुटी कसली नाही, आणि काही ओळींची त्यात नोंदच नाही. बग एवढा गंभीर की ठरलेल्या वेळापत्रकाची वाट न पाहता १६ जून २०२२ ला १४.४ काढली गेली आणि ती सुधारणाच मागे घेतली.

म्हणजे ऐन हंगामात, चालू व्यवहारांत, १४.२ वर कन्करंटली चालवली असती, तर एका प्रकारचे आजारी इंडेक्स काढून दुसऱ्या प्रकारचे आजारी इंडेक्स बसवले असते. तेही अधिक वाईट, कारण क्रम बिघडलेला अ‍ॅमचेकच्या साध्या तपासणीत दिसतो. गहाळ नोंदी दिसायला हीपऑलइंडेक्स्ड हा पर्याय मुद्दाम चालू करावा लागतो.

१४.२ आली कुठून? नव्या मशीनला इंटरनेट नाही, इन्स्टॉल डिस्कवर जे होतं तेच बसलं. जुन्या मशीनवर याहून पुढची छोटी आवृत्ती होती, म्हणजे स्थलांतरात आपण मागे गेलो. आज १४.१७ चालू आहे, २० फेब्रुवारीला आलेली. पॅकेजं पेन ड्राइव्हवर घेतली. छोट्या आवृत्तीसाठी डंप-रिस्टोअरचा खटाटोप नसतो : सर्व्हर थांबवा, पॅकेज बदला, सुरू करा. जेवणाच्या सुट्टीत उरकलं. लॉग चाळून जानेवारीनंतर कुणी कन्करंटली चालवलं होतं का तेही पाहिलं; नाही.

११ मार्च

दुबार नोंदी काढल्याशिवाय युनिक इंडेक्स बांधला जाणारच नाही. "की इज डुप्लिकेटेड" म्हणून थांबेल, आणि कन्करंटली असेल तर सीसीन्यू अशा शेपटीचा एक निकामी इंडेक्स मागे ठेवून जाईल. तेव्हा इंडेक्स बंद ठेवून हंगाम आणि लॉटप्रमाणे गट पाडले, एकाहून जास्त ओळी असलेले वेगळे काढले.

यादी छापून दिवाणजींच्या टेबलावर. इथून पुढचं काम संगणकाचं नाही. आवक पावती तीन प्रतींत फाटते : पांढरी शेतकऱ्याला, गुलाबी ऑफिसला, पिवळी चेंबरच्या दारावर. गुलाबी प्रतींची बाडं काढली आणि एकेक लॉट लावत बसलो. ११८-२ ची मूळ आवक ४२ पेट्या, दर पेटी १५ किलो. दुबार नोंदीवर दिवाणजींनी टेम्पोपुरत्याच १२ पेट्या घातल्या होत्या आणि त्याच बाहेर काढल्या. म्हणजे जावक खरी, आवक नकली. जावक पावती मूळ लॉटला जोडायची, शिल्लक ३० करायची, मग नकली ओळ काढायची. उलट क्रमानं केलं तर जावकच हवेत लटकते.

सगळे इतके सरळ नव्हते. एका लॉटची दुबार नोंद करताना पूर्ण माल दाखवलेला होता आणि फेब्रुवारीच्या भाड्याच्या बिलात दोन्ही धरले गेले, कारण भाड्याचा हिशोब इंडेक्स न वापरता अख्खं टेबल वाचतो. व्यापाऱ्यानं ते बिल परत पाठवलं होतं, वर लाल पेनानं गोल करून. ऑफिसात तो गोल "शेठजी घासाघीस करतायत" म्हणून बाजूला ठेवला गेला होता.

१२ मार्च

फॉरिन की, म्हणजे एका टेबलातून दुसऱ्याकडे जाणारे दुवे, तपासल्या. चेंबरमधल्या रॅकचे कोड बी-१२ अशा धर्तीचे टेक्स्ट आहेत आणि लॉट त्यांच्यावर अवलंबून. फॉरिन कीची तपासणीसुद्धा शेवटी इंडेक्सवरूनच होते, तेव्हा इंडेक्स खोटं बोलत असताना अनाथ ओळी शिरू शकतात. डावा जॉइन (जोडी न सापडलेल्या ओळीही दाखवणारी क्वेरी), इंडेक्स बंद. अनाथ कुणी नाही. रॅकच्या सगळ्या कोडांत रेघ एकाच जागी आहे, त्यामुळे त्यांचा क्रम दोन्ही जीलिबसींत सारखाच राहिला. दैव बलवत्तर.

१४ मार्च, शुक्रवार, धुळवड

सौदे बंद, हमाल नाहीत, गेटला कुलूप. मग कन्करंटलीची कसरत हवीच कशाला? ॲप्लिकेशन बंद केलं, दुबार नोंदी एका व्यवहारात दुरुस्त केल्या, बेरजा दिवाणजींच्या कागदाशी जुळल्यावरच कमिट, आणि साधं सरळ रीइंडेक्स डेटाबेस. आमचा डेटा काही फार मोठा नाही. चहा येईपर्यंत झालंही.

मग अ‍ॅनालाइझ. हे बरेचजण विसरतात. क्वेरीची वाट निवडणाऱ्या नियोजकाच्या आकडेवारीतले हिस्टोग्रामसुद्धा जुन्याच क्रमानं साठवलेले असतात. ते तसेच राहिले तर उत्तरं बरोबर येतील, पण वाट भलतीच निवडली जाईल.

शेवटी पीजी_अ‍ॅमचेक, हीपऑलइंडेक्स्ड आणि पॅरेंट-चेक दोन्ही लावून. पॅरेंट-चेक चालू असताना टेबलात लिहिता येत नाही, म्हणून ते एरवी दिवसा चालवायचं नाही. आज कुणाचीच अडचण नव्हती. एकही तक्रार नाही. ११८-२ टाइप केला, टिचकी मारली, पावती उघडली. शिल्लक ३०.

दिवाणजी खास गाडी काढून आले होते. पडदा पाहून म्हणाले, "आता पुन्यांदा बाराखडी बदलली तर?"

१७ मार्च

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर.

लॉट, रॅक, पावती क्रमांक, वाहन क्रमांक : या रकान्यांना शब्दकोशाचा क्रम कधीच लागत नाही. त्यांची क्रमवारी "सी" केली. तिथे बाइटला बाइट ताडला जातो, लायब्ररी बदलली तरी क्रम बदलत नाही. वर फायदा असा की लाइकनं सुरुवातीची अक्षरं शोधायला साधा इंडेक्सच चालतो, तो टेक्स्ट_पॅटर्न_ऑप्सवाला दुसरा इंडेक्स काढून टाकला.

शेतकऱ्यांच्या नावांना हे चालणार नाही. सी क्रमात ळ हा ल आणि व यांच्यामध्ये येतो, आपल्याकडे तो ह च्या पुढे. दिवाणजी अशी यादी पहिल्याच दिवशी परत पाठवतील. तिथे यादी दाखवतानाच आयसीयूची मराठी क्रमवारी लावायची, त्यावर इंडेक्स बांधायचा नाही. काही शे नावं आहेत, जागेवर सॉर्ट होतात. उद्या आयसीयूचा क्रम बदललाच तर यादी थोडी वेगळी दिसेल, डेटा बिघडणार नाही.

मोठी आवृत्ती : १४ चा आधार नोव्हेंबर २०२६ मध्ये संपतो. उडी थेट १७ वर घेऊ. तिच्यात सी.यूटीएफ-८ ही पोस्टग्रेसची स्वतःची अंगभूत क्रमवारी आहे, बाहेर कुणाला विचारायचं कामच नाही. पद्धत डंप-रिस्टोअर. पीजी_अपग्रेड झटपट होतं खरं, पण इंडेक्स जसेच्या तसे उचलून नेतं. वेळ : ऑगस्टनंतर, बेदाण्याचा जोर ओसरल्यावर. पण कृष्णेच्या पाण्याकडे लक्ष ठेवून. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत काय झालं ते सगळ्यांना आठवतंय, तेव्हा बॅकअपची एक प्रत आता जिल्ह्याबाहेर जाते.

२४ मार्च, सोमवार

बाकीच्या ग्राहकांकडे फेरी. प्रत्येक ठिकाणी जीलिबसीची आवृत्ती, पोस्टग्रेसची छोटी आवृत्ती, डेटाबेसचं लोकेल, अ‍ॅमचेकचा निकाल, असा एक तक्ता. मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानाचं सर्व काही ठीक. त्यांचा डेटाबेस सुरुवातीपासून सी लोकेलमध्ये आहे.

मिरजेच्या गोदामात वेगळंच सापडलं. मुख्य सर्व्हर उबुंटू १८.०४, आणि शेजारी ठेवलेला स्टँडबाय, म्हणजे राखीव सर्व्हर, २२.०४. मुख्य ठणठणीत आहे, अ‍ॅमचेक पास. पण स्ट्रीमिंग रेप्लिकेशनमध्ये, म्हणजे मुख्यची सतत नक्कल होत असताना, इंडेक्सची पानं बाइटबरहुकूम जातात. म्हणजे जुन्या क्रमानं लिहिलेला इंडेक्स नव्या क्रमानं वाचला जातोय, तेही रोज, कारण अहवाल स्टँडबायवरून निघतात. तिथे रीइंडेक्सही चालवता येत नाही. स्टँडबाय फक्त वाचायचा. मुख्य सर्व्हर एखाद्या रात्री बंद पडून स्टँडबाय पुढे आला असता, तर दुसऱ्या दिवसापासून कुपवाडची गोष्ट तिथे सुरू झाली असती.

ठरलं ते असं. अहवाल आजच मुख्य सर्व्हरवर वळवले. स्टँडबाय पुसून १८.०४ वरच पुन्हा उभा करायचा, जुनाट असला तरी. मग दोन्ही मशीन एकाच वेळी पुढे न्यायच्या. गोदामाच्या व्यवस्थापक ताईंचं म्हणणं, मार्चअखेर होईपर्यंत मशीनला हात लावू नका. पाडवा ३० ला आहे. १ एप्रिलनंतरची तारीख मागितली आहे. तोवर स्टँडबायचा आपोआप पुढे येण्याचा पर्याय बंद केला आणि मशीनवर चिठ्ठी चिकटवली : हा सर्व्हर हातानंही पुढे आणू नये, आधी फोन करावा.

कुपवाडचे दोन लॉट अजून बाकी आहेत. त्यांची गुलाबी प्रत बाडात नाही आणि पिवळी चेंबरच्या थंडीत ओल धरून फिकी पडलीय. दिवाणजी शेतकऱ्याकडची पांढरी प्रत मागवतायत. तोवर त्या दोन ओळींवर "वादातील" असा शिक्का आणि भाड्यातून वगळ.